मासा मेला नाही, एवढ्यावर पाणी पास करू नका

प्रति,
सांडपाण्याचे आणि नदीच्या पाण्याचे निकष ठरवणाऱ्या सर्व समित्या, मंडळे व मंत्रालये

विषय: गर्भनिरोधक गोळ्यांतून व इतर मार्गांनी पाण्यात येणारे हार्मोन, माशांच्या प्रजननावर होणारा त्यांचा परिणाम आणि त्याबाबत निकषच नसणे

महोदय, महोदया,

मी मत्स्यजीवशास्त्र शिकवते. माशांच्या जननग्रंथींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे हे माझे नेहमीचे काम. दुसरी एक गोष्टही आधीच सांगून टाकते: मी स्वतः अनेक वर्षे गर्भनिरोधक गोळी घेतली आहे आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. त्यामुळे ‘बायकांनी गोळ्या खाल्ल्या आणि नद्या नासल्या’ असा सूर कोणी लावला की माझ्यातली शिक्षिका आणि गोळी घेणारी बाई दोघी एकदमच चिडतात. हे पत्र त्या सुरातले नाही. ते तुमच्या पाण्याच्या निकषांच्या तक्त्याबद्दल आहे.

तो तक्ता मला पाठ आहे. जैविक ऑक्सिजन मागणी, रासायनिक ऑक्सिजन मागणी, तरंगते घन पदार्थ, सामू, अमोनिया, फॉस्फरस, तेल आणि ग्रीस, जड धातू. या ओळी गरजेच्या आहेत आणि त्यांच्यामुळे कितीतरी नद्या सुधारल्या, याबद्दल वाद नाही. त्यांच्या जोडीला अनेक ठिकाणी माशांची एक चाचणी असते. नदीत सोडायच्या पाण्यात मासे ९६ तास ठेवायचे आणि किती मेले ते मोजायचे. बहुतेक जगले तर पाणी पास. चार दिवसांत सायनाइड कळते, क्लोरीन कळतो, अमोनियाचा अतिरेक कळतो. त्या टाकीतला नर पुढे कधी बाप होऊ शकेल का, हे मात्र चार दिवसांत कळत नाही. ते कळायला एक विणीचा हंगाम लागतो, कधी एक अख्खी पिढी लागते. तुम्ही तेवढे थांबत नाही, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

ज्या पदार्थाबद्दल मी मुख्यतः लिहिते आहे त्याचे नाव एथिनिल इस्ट्राडिऑल, म्हणजे गोळीतले कृत्रिम इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन). १९३८ मध्ये बर्लिनच्या शेरिंग कंपनीत हान्स इनहोफेन आणि वॉल्टर होलवेग यांनी तो तयार केला. शरीरात तयार होणारे नैसर्गिक इस्ट्राडिऑल तोंडावाटे घेतले तर यकृत त्याचा झटपट निकाल लावते. म्हणून त्याच्या सतराव्या कार्बनला एक एथिनिल गट जोडला गेला आणि तेवढ्या बदलाने तो रेणू यकृताला दाद देईनासा झाला. औषध म्हणून हा मोठाच गुण. १९६० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या गर्भनिरोधक गोळीत मेस्ट्रानॉल होते, पण त्याचेही शरीरात शेवटी एथिनिल इस्ट्राडिऑलच होते. आजच्या बहुतेक संयुक्त गोळ्यांत ते २० ते ३५ मायक्रोग्रॅम असते. यकृतापुढे जो चिवटपणा उपयोगी पडतो, तोच सांडपाणी प्रकल्पातल्या जिवाणूंपुढेही टिकतो, आणि नैसर्गिक इस्ट्रोजेन जितक्या सहज मोडतात तितक्या सहज हा रेणू मोडत नाही.

शरीर हा रेणू बाहेर टाकताना त्याला ग्लुक्युरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडून देते. त्या जोडलेल्या रूपात तो जवळपास निष्क्रिय असतो. पण मैल्यात ई. कोलाय असतात आणि ग्लुक्युरोनाइडची जोडणी तोडणारे विकर त्यांच्याकडे असते. गटारातून प्रकल्पापर्यंत जाईतो बरीच जोडणी सुटलेली असते आणि हार्मोन पुन्हा कामाला मोकळा. यकृताने केलेला बंदोबस्त आपल्याच आतड्यातल्या जिवाणूंनी उधळून लावायचा, हा प्रकार मला दर वेळी शिकवताना गमतीचा वाटतो. माशांच्या दृष्टीने त्यात गंमत काही नाही.

प्रकल्पात यातला बराचसा भाग गाळाला चिकटतो किंवा विघटित होतो. उरलेला नदीत जातो. त्याचे प्रमाण लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजावे लागते, कधी एकाहून कमी, कधी काही नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढ्याशाने काय होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर कॅनडातल्या एका सरोवराने दिले आहे.

ऑन्टारियो प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेल्या सरोवरांचा एक प्रदेश आहे. तिथल्या २६० क्रमांकाच्या सरोवरात कॅरेन किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे एथिनिल इस्ट्राडिऑल सोडले. प्रमाण लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम हार्मोन साधारण २० कोटी लिटर पाण्यात. फॅटहेड मिनो या छोट्या माशाच्या नरांच्या यकृतात व्हायटेलोजेनिन तयार होऊ लागले. हे अंड्यातल्या पीतकाचे पूर्वद्रव्य. मादीच्या अंडाशयातून इस्ट्रोजेनचा निरोप आला की यकृत ते तयार करते आणि रक्तावाटे अंड्यांकडे पाठवते. ते बनवण्याचे जनुक नरातही असते, फक्त त्याला निरोप येत नाही. इथे निरोप पाण्यातून आला. नराकडे अंडी नाहीत, त्यामुळे हे प्रथिन रक्तात साचत राहते आणि यकृत व मूत्रपिंडावर त्याचा भार पडतो. पुढे नरांच्या वृषणांची वाढ खुंटली, शुक्राणू तयार होण्याचा क्रम रखडला, काही नरांच्या वृषणात अंडपेशी दिसू लागल्या. मग लहान मासे दिसेनासे झाले. हा अल्पायुषी मासा, दोन-तीन वर्षे नवी पिढी आली नाही की संपला. त्या सरोवरातली त्याची संख्या जवळजवळ शून्यावर आली. २००७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

हे तिथेच थांबले नाही. मिनो खाऊन जगणाऱ्या लेक ट्राउटची संख्या आणि वजनही घटले, कारण त्याचे अन्न गेले. मिनो ज्यांना खात असे ते प्राणिप्लवक आणि कीटक वाढले. हार्मोनने ज्यांना थेट फारसे छळले नाही त्यांनाही अन्नसाखळीतून किंमत मोजावी लागली. आणि हे लक्षात घ्या: या पाण्यात मासे टपाटप मेले नव्हते. माशाला चार दिवसांत मारायला या हार्मोनचे प्रमाण त्याच्या कितीतरी हजार पट लागते. त्या सरोवराचे पाणी तुमच्या ९६ तासांच्या चाचणीला आले असते तर बिनबोभाट पास झाले असते.

त्याच सरोवराने दुसरेही काही दाखवले. हार्मोन सोडणे थांबल्यावर काही वर्षांत मिनोची संख्या पूर्ववत झाली. हे नुकसान भरून निघू शकते, निदान निरोगी मासे थोडे तरी शिल्लक असतील तर. (जाता जाता: ज्या सरोवर-प्रदेशाने ही माहिती दिली, त्याचा निधी बंद करण्याचा निर्णय कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१२ मध्ये घेतला होता. पुढे एका स्वतंत्र संस्थेने ते काम २०१४ पासून चालवायला घेतले म्हणून ते वाचले. माहिती नाही म्हणून निकष नाहीत आणि निकष नाहीत म्हणून माहिती नको, या चक्राचा हा नमुनाच.)

सरोवरात कोणी मुद्दाम हार्मोन ओतले तर असे होणारच, असे म्हणाल. मग इंग्लंडच्या नद्या पाहा. तिथे कोणी प्रयोग करत नव्हते. प्रक्रिया केलेले सांडपाणी जिथे नदीला मिळते त्याच्या खालच्या अंगाला रोच जातीच्या माशांचे असे नर सापडू लागले, ज्यांच्या वृषणात अंडपेशी होत्या. मग पिंजऱ्यात ट्राउट ठेवून तपासले गेले, तर नर ट्राउटच्या रक्तात व्हायटेलोजेनिन प्रचंड वाढलेले. १९९८ मध्ये सुझन जॉब्लिंग, जॉन सम्प्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हा प्रकार एखाद-दुसऱ्या ठिकाणचा नाही, अनेक नद्यांमध्ये पसरलेला आहे. त्याच सुमारास सांडपाण्यातले दोषी पदार्थही ओळखले गेले: माणसाच्या शरीरातून येणारे इस्ट्रोन आणि इस्ट्राडिऑल, आणि गोळीतले एथिनिल इस्ट्राडिऑल.

असे मिश्रलिंगी नर मादीच्या मागे लागतात, पण बाप व्हायच्या शर्यतीत मागे पडतात. विकृती जितकी जास्त तितकी पिल्ले कमी. २०११ च्या एका अभ्यासात सर्वांत बाधित नरांचे प्रजननयश ७६ टक्क्यांपर्यंत घटलेले आढळले. झेब्राफिशवरचा २००४ चा प्रयोग तर मला वर्गात सांगतानाही जड जातो. जन्मापासून लिटरला ५ नॅनोग्रॅम एथिनिल इस्ट्राडिऑलमध्ये वाढलेल्या पुढच्या पिढीत एकही अंडे फळले नाही. नर दिसायला, वागायला नर होते, मिलनाची सगळी लगबग करत होते, निरोगी नरांना अडथळाही करत होते, आणि त्यातून काहीच निष्पन्न होत नव्हते. वरून पाहणाऱ्याला टाकीत सगळे आलबेल वाटले असते.

वय हा इथे कळीचा मुद्दा आहे. माशांचे लिंग सस्तन प्राण्यांइतके लवकर आणि पक्के ठरत नाही. अंड्यातून बाहेर आल्यावर काही आठवडे ते महिने जननग्रंथी घडत असते आणि त्या काळात बाहेरचा हार्मोन तिला सहज वळवतो. प्रौढ नराच्या रक्तातले व्हायटेलोजेनिन पाणी स्वच्छ झाले की उतरते. पण पिल्लू असताना रोचच्या नरात मादीसारखी जननवाहिनी तयार झाली तर पुढे स्वच्छ पाण्यात ठेवूनही ती तशीच राहते. म्हणून वर्षाची सरासरी काढून ‘प्रमाण ठीक आहे’ म्हणणे मला पटत नाही. विणीच्या काळात, नदीला पाणी कमी असताना, जे प्रमाण असते ते महत्त्वाचे.

आता तक्रारी.

पहिली वर सांगितलीच: तुम्ही पाण्याला ‘मासा जगतो का’ एवढेच विचारता. ‘मासा वाढतो का, वितो का, पिल्ले जगतात का’ हे विचारत नाही. आणि हे विचारण्याच्या पद्धती नाहीत अशी सबबही आता चालणार नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २२९ क्रमांकाच्या पद्धतीत २१ दिवसांत माशांचे अंडी घालणे आणि व्हायटेलोजेनिन तपासता येते. २३४ क्रमांकाच्या पद्धतीत पिल्लांचे लिंग नीट घडते का ते पाहता येते. दोन्ही पद्धती प्रमाणित आहेत आणि वर्षानुवर्षे वापरात आहेत.

दुसरी: तुम्ही एकेक पदार्थ सुटा मोजता. माशाच्या पेशीतला इस्ट्रोजेन-ग्राहक, म्हणजे हार्मोनचा निरोप घेणारे प्रथिन, असा भेदभाव करत नाही. इस्ट्रोन, इस्ट्राडिऑल, एथिनिल इस्ट्राडिऑल, डिटर्जंटमधून येणारे नॉनिलफिनॉल, प्लॅस्टिकमधले बिस्फिनॉल ए, जनावरांच्या मलमूत्रातले इस्ट्रोजेन, सगळ्यांची त्याच्यापुढे बेरीज होते. प्रत्येक पदार्थ आपल्या परिणामाच्या पातळीखाली असला तरी एकत्र मिळून परिणाम होऊ शकतो, हे प्रयोगांतून दिसले आहे.

तिसरी तक्रार दुसऱ्या हार्मोनबद्दल आहे, जो अजून कोणाच्या फारसा खिजगणतीत नाही. गोळीत इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम हार्मोन) असते, आणि केवळ प्रोजेस्टिनच्याही गोळ्या असतात. त्यातले लेव्होनॉरजेस्ट्रेल लिटरला ०.८ नॅनोग्रॅम इतके असले तरी फॅटहेड मिनोच्या माद्या अंडी घालणे कमी करतात, हे २००९ मध्ये दाखवले गेले. आणि इथे विकृतीची दिशा उलटी आहे: माद्यांमध्ये नराची लक्षणे येतात. स्वीडनमध्ये प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात ठेवलेल्या रेनबो ट्राउटच्या रक्तात लेव्होनॉरजेस्ट्रेलची पातळी गोळी घेणाऱ्या स्त्रीच्या रक्तातल्या पातळीहून जास्त भरली. हा निष्कर्ष २०१० चा. एका हार्मोनचे नाव तक्त्यात घालायलाही तुम्ही तयार नाही, तेव्हा दुसऱ्याचा विषय कोण काढणार?

चौथी: ‘आमच्या प्रयोगशाळेत सापडत नाही.’ खरे आहे, पण अर्धेच. युरोपात २०१२ मध्ये एथिनिल इस्ट्राडिऑलसाठी वार्षिक सरासरी ०.०३५ नॅनोग्रॅम प्रति लिटर अशी मर्यादा सुचवली गेली होती. ३५ मायक्रोग्रॅमची एक गोळी जशीच्या तशी पाण्यात विरघळवली तर या पातळीपर्यंत उतरायला १० लाख लिटर पाणी लागेल. नेहमीच्या यंत्रांना एवढे सूक्ष्म मोजणे कठीण जाते. म्हणून अहवालात ‘आढळले नाही’ असे छापून येते आणि वाचणाऱ्याला ते ‘नाही’ असे वाटते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘आमचे यंत्र जिथे थांबते त्याच्या खाली किती आहे ते पाहिले नाही’ एवढाच असतो. पेशींवर आधारित जैवचाचण्या एकूण इस्ट्रोजेन-परिणाम बऱ्याच खालच्या पातळीवर पकडतात आणि बेरजेचा प्रश्नही त्याच सोडवतात. त्या वापरल्या का जात नाहीत?

पाचवी तक्रार निर्णय लांबवण्याची. २०१२ चा तो प्रस्ताव युरोपीय संघाच्या २०१३ च्या अंतिम निर्देशात (सदस्य देशांवर बंधनकारक नियमात) आला तोपर्यंत मर्यादा गळून गेली होती आणि एथिनिल इस्ट्राडिऑल ‘निरीक्षण यादी’त, म्हणजे नुसते मोजत राहायच्या पदार्थांत, टाकले गेले होते. मध्ये जवळपास दहा वर्षे गेली. २०२२ मध्ये युरोपीय आयोगाने पुन्हा मर्यादा सुचवली, ती आधीपेक्षा कडक, ०.०१७ नॅनोग्रॅम. म्हणजे निरीक्षणातून निष्पन्न काय झाले, तर आधी वाटले होते त्याहून कमी प्रमाणही काळजीचे आहे. युरोपने निदान चर्चा तरी केली. जगाच्या बऱ्याच भागात हा विषय मसुद्यातही आलेला नाही आणि तिथेच सांडपाण्याचा मोठा हिस्सा कसल्याही प्रक्रियेविना नदीत जातो.

गाळाबद्दल एकच वाक्य: पाण्यातून काढलेला हार्मोन गाळात गेला आणि गाळ शेतात गेला, तर त्याचा हिशेब कोणत्या तक्त्यात आहे ते मला दाखवा.

आता खर्च. मला माहीत आहे, खरी अडचण इथे आहे. २०१२ मध्ये रिचर्ड ओवेन आणि सुझन जॉब्लिंग यांनीच ‘नेचर’मध्ये लिहिले होते की प्रस्तावित मर्यादा पाळायची तर इंग्लंड आणि वेल्समध्ये २६ ते ३० अब्ज पौंड लागतील. ज्यांनी हा प्रश्न जगापुढे आणला त्यांनीच त्याची किंमतही मांडली, याचे मला कौतुक वाटते. समाजाने ती किंमत द्यायची की नाही हे उघडपणे ठरवावे, असे त्यांचे म्हणणे होते. उघडपणे ठरवण्याऐवजी ती आकडेवारी विषय गुंडाळायला वापरली गेली.

पण खर्चाची चर्चा नेहमी सर्वांत महाग टोकापासूनच का सुरू होते? अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर शहराच्या प्रकल्पाखाली व्हाइट सकर माशांत माद्यांचे प्रमाण भलतेच वाढलेले आणि मिश्रलिंगी मासे सापडलेले होते. प्रकल्पाच्या वरच्या अंगाला तसे नव्हते. २००८ च्या सुमारास तो प्रकल्प जुन्या ठिबक-गाळण पद्धतीवरून ॲक्टिव्हेटेड स्लज (जिवाणूंच्या गाळात हवा सोडून पाणी शुद्ध करण्याच्या) पद्धतीवर नेला गेला, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यातला इस्ट्रोजेन-परिणाम व नर माशांवरचे दुष्परिणाम दोन्ही लक्षणीय घटले. कॅनडात ग्रँड नदीवर किचनेर शहराच्या प्रकल्पाचे २०१२ मध्ये आधुनिकीकरण झाले. त्याखालच्या रेनबो डार्टर माशांत मिश्रलिंगी नरांचे प्रमाण फार मोठे होते, ते तीन वर्षांत १० टक्क्यांखाली आले. यात ओझोन नव्हता की महागडे गाळणे नव्हते. मुख्यतः हवा जास्त, गाळ टाकीत जास्त दिवस, अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या संथ वाढीच्या जिवाणूंना पुरेसा वेळ. जो प्रकल्प अमोनिया नीट काढतो तो बहुधा इस्ट्रोजेनही बऱ्यापैकी काढतो. अमोनियाची ओळ तर तुमच्या तक्त्यात आहेच!

त्याच्या पुढचा टप्पा ओझोन आणि ॲक्टिव्हेटेड कार्बनचा. तोही अशक्य नाही. स्वित्झर्लंडने २०१६ पासून कायदा लागू करून २०४० पर्यंत सुमारे शंभर प्रकल्पांना हा टप्पा जोडायचे ठरवले आणि त्यासाठी माणशी वर्षाला जास्तीत जास्त ९ फ्रँक आकारणी ठेवली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या सुधारित सांडपाणी निर्देशानुसार दीड लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येएवढा भार असलेल्या प्रकल्पांना २०४५ पर्यंत टप्प्याटप्प्याने हे करायचे आहे आणि खर्चाचा किमान ८० टक्के भाग औषध व सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादकांनी उचलायचा आहे. औषध उद्योग त्याविरुद्ध न्यायालयात गेला. जाऊ दे, तो त्यांचा हक्क आहे. पण ‘कोणी पैसे द्यायचे’ या प्रश्नाचे निदान एक उत्तर कागदावर आले.

यातून गोळी घेणाऱ्या बाईकडे बोट वळते, म्हणून थोडे सविस्तर. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पिण्याच्या पाण्यातल्या इस्ट्रोजेनमध्ये गोळीचा वाटा किरकोळ असून पशुपालन, उद्योग आणि इतर स्रोत कितीतरी मोठे आहेत, असा निष्कर्ष होता. नदीतल्या माशांसाठी चित्र थोडे वेगळे, कारण एथिनिल इस्ट्राडिऑल माशांवर नैसर्गिक इस्ट्राडिऑलच्या दहापट किंवा त्याहूनही प्रभावी ठरते, त्यामुळे थोडे असले तरी ते भारी पडते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. पण त्यावर गोळी कमी करणे हा उपाय नाही. गर्भवतीच्या शरीरातून बाहेर पडणारे नैसर्गिक इस्ट्रोजेन गोळीतल्या हार्मोनपेक्षा प्रमाणाने प्रचंड असते. पुरुष आणि मुलेही इस्ट्रोन बाहेर टाकतात. लघवी करणारा प्रत्येक माणूस या प्रश्नात सामील आहे, आणि म्हणून उत्तर सांडपाण्याच्या नळाच्या टोकाला, प्रकल्पात आहे. ‘माशांसाठी गोळी सोडा’ असा सल्ला एखाद्या सरकारी पत्रकात दिसला, तर मी त्याविरुद्ध याहून मोठे पत्र लिहीन.

विरुद्ध बाजूचा पुरावाही इथेच ठेवते, म्हणजे पुढच्या बैठकीत तो माझ्याविरुद्ध काढावा लागणार नाही. २०१४ मध्ये इंग्लंडच्या रोच माशांच्या जनुकीय अभ्यासातून दिसले की सांडपाण्याच्या दीर्घ संपर्कातही काही ठिकाणची रोचची वस्ती स्वतःच्या बळावर टिकून आहे. म्हणजे सगळीकडे कॅनडातल्या सरोवरासारखा ऱ्हास होतो असे नाही. दीर्घायुषी मासे, वेगवेगळ्या वयाचे नर, वरच्या अंगाकडून येणारे निरोगी मासे, या सगळ्यांनी फरक पडतो. हे मला मान्य आहे. पण अपंगत्व येऊनही वस्ती तग धरते याचा अर्थ अपंगत्व द्यायला परवानगी, असा होत नाही. जिथे नदीला मूळचे पाणीच कमी आणि उन्हाळ्यात प्रवाहाचा मोठा भाग सांडपाण्याचाच, तिथल्या अल्पायुषी माशांना ही सवलत मिळण्याची शक्यता कमी.

मागण्या साध्या आहेत.

१. सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याच्या तक्त्यात ‘एकूण इस्ट्रोजेन-परिणाम’ ही ओळ घाला. तो जैवचाचणीने मोजा आणि इस्ट्राडिऑलच्या समतुल्य प्रमाणात नोंदवा. एथिनिल इस्ट्राडिऑल व लेव्होनॉरजेस्ट्रेल स्वतंत्रपणे मोजण्याची क्षमता येईपर्यंत थांबू नका. ‘आढळले नाही’ असे लिहिताना यंत्राची मोजमापाची मर्यादा शेजारी छापणे सक्तीचे करा.

२. मोठ्या प्रकल्पांसाठी ९६ तासांच्या चाचणीबरोबर प्रजननाची २१ दिवसांची चाचणी वर्षातून एकदा तरी घ्या, आणि ती नदीला पाणी सर्वांत कमी असते तेव्हा घ्या. सोयीच्या, भरपूर पाण्याच्या महिन्यात नको.

३. आधी प्राधान्य ठरवा. ज्या नद्यांत सांडपाण्याचा वाटा मोठा आहे आणि जिथे मासे वितात, तिथले प्रकल्प पहिल्या यादीत. त्यांचे गाळाचे वय (गाळ टाकीत राहण्याचे दिवस) आणि अमोनिया काढण्याची क्षमता वाढवा, मग मोजा, आणि तरीही परिणाम दिसला तरच ओझोन किंवा कार्बनचा खर्च करा. जिथे प्रक्रियाच नाही तिथे अर्थातच आधी प्रक्रिया.

४. अतिरिक्त टप्प्याचा खर्च उत्पादक आणि सार्वजनिक निधी यांच्यात वाटा. गर्भनिरोधकाच्या किमतीवर किंवा उपलब्धतेवर तो येणार नाही, हे नियमातच लिहा.

५. हार्मोनसारखे काम करणाऱ्या प्रत्येक नव्या औषधाला मान्यता देण्यापूर्वी माशांच्या पूर्ण जीवनचक्राची चाचणी मागा. पहिली गोळी आली तेव्हा अशा तपासणीची पद्धतच नव्हती, म्हणून तेव्हाच्यांना दोष देता येणार नाही. आता देता येईल.

६. उरलेल्या गोळ्या परत घेण्याची सोय करा. याने प्रश्नाचा छोटासाच भाग सुटेल, पण त्याला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

७. सगळी मोजमापे, प्रकल्पाच्या नावासह आणि तारखेसह, कोणालाही पाहता येतील अशी ठेवा.

‘विषय विचाराधीन आहे’ हे उत्तर मी युरोपच्या निरीक्षण यादीच्या रूपाने दहा वर्षे वाचले आहे, ते नको. पुढच्या वेळी निकषांचा मसुदा काढाल तेव्हा त्यात इस्ट्रोजेनची ओळ आहे की नाही, आणि नसेल तर कोणत्या पुराव्यावर ती वगळली, याचा लेखी खुलासा मसुद्यासोबतच प्रसिद्ध करावा, ही विनंती.

आपली,
मत्स्यजीवशास्त्राची एक शिक्षिका